विजेरी जुनी, दिवा नवा

दाराच्या मागे खुंटीवर टांगलेली पितळी विजेरी ही एके काळी घरातल्या कर्त्या माणसाची खूण होती. तिला हात लावण्याची परवानगी सगळ्यांना नसे. रात्री-अपरात्री दार वाजले, गोठ्यात जनावर बिथरले, माडीवर काही पडल्याचा आवाज झाला, की वडीलधारे माणूस उठायचे, खुंटीवरून विजेरी काढायचे आणि मग बाकीचे घर त्या उजेडाच्या मागे मागे चालायचे. ‘विजेरी’ हा शब्द तसा पुस्तकातला. घरात तिला बॅटरीच म्हणत आणि बॅटरीत जे घालायचे त्याला सेल किंवा मसाला. विदर्भाकडचे पाहुणे आले की ते तिला चोरबत्ती म्हणत. आणि ही बत्ती चोराची की चोर पकडणाऱ्याची, हा प्रश्न आम्हा मुलांना पुष्कळ दिवस सुटला नव्हता.

नाशिकसारख्या गावात या विजेरीची कितीतरी रूपे होती. विजयानंद किंवा सर्कलमध्ये सिनेमा सुरू झाल्यावर आत शिरणाऱ्याला खुर्ची दाखवणाऱ्या डोअरकीपरच्या हातात ती असे. घरी तपासायला आलेले डॉक्टर ‘आ कर’ म्हणून घशात तिचाच झोत सोडत. रात्री शिट्टी वाजवत फिरणाऱ्या गुरख्याच्या कमरेला ती असे. आणि गावाबाहेर, जिथे रस्त्यावरचे दिवे संपत, तिथे ती सगळ्यांच्याच हातात असे.

गेल्या दिवाळीच्या आधी घराची झाडलोट करताना आमच्याकडची तीन सेलांची विजेरी कपाटाच्या तळाशी सापडली. काळवंडलेली, आत कधीकाळी फुटलेल्या सेलाची पांढरी-हिरवी पुटे चढलेली. भांडी बाजारात मोड घेणाऱ्याकडे ती नेली. त्याने ती उलटीसुलटी केली, नखाने खरवडून पाहिली आणि म्हणाला, ‘‘पितळ चांगलं आहे साहेब. आतली स्प्रिंग न् पत्रा काढून वजन करतो.’’ त्याचे म्हणणे व्यवहाराला धरूनच होते. पण काटा हातात घेतलेला पाहिल्यावर का कोण जाणे, विजेरी पुन्हा पिशवीत घातली आणि घरी परतलो.

त्याच आठवड्यात निफाड तालुक्यात मामेभावाकडे जाणे झाले. त्याच्या ओसरीच्या खिडकीत प्लास्टिकच्या चार विजेऱ्या ओळीने ठेवलेल्या होत्या. चारही मेलेल्या. एकीचे बटण तुटलेले, दोन चार्जच होत नाहीत, चौथी पेटते पण दोन मिनिटांत मावळते. विचारले तेव्हा म्हणाला, ‘‘अरे, स्वस्त पडते म्हणून घेतो, अन् दर सालाला घेतो.’’ या एका वाक्यात आपल्या काळाचे सगळे अर्थशास्त्र आले. एकीकडे पन्नास वर्षे टिकू शकणारी वस्तू मोडीत चाललेली आणि दुसरीकडे वर्षभरही न टिकणाऱ्या वस्तूंची खिडकीत रांग. या दोन टोकांच्या मध्ये एक साधा उपाय आहे. जुन्या विजेरीतला तारेचा बल्ब काढून तिथे एलईडीचा बल्ब बसवणे. उपाय अगदीच किरकोळ वाटतो. पण तो किरकोळ का नाही, हे समजण्यासाठी आधी रात्रीच्या वेळी शेतात काय चालते ते पाहायला हवे.

रात्रीची लाईट

शहरातल्या माणसाला विजेरी लागते ती वीज गेल्यावर. शेतकऱ्याला विजेरी लागते ती वीज आल्यावर. हा विरोधाभास नाशिक जिल्ह्यात कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीपाळीने मिळते. आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की कांद्याला, गव्हाला, उसाला पाणी भरायला मध्यरात्रीनंतर घराबाहेर पडावे लागते. मोटार चालू करायची, बांधाबांधाने जायचे, एका वाफ्याचे तोंड बंद करून दुसऱ्याचे उघडायचे. ठिबक आले म्हणून हे संपले असे नाही. व्हॉल्व्ह बदलायला, फुटलेली नळी शोधायला माणूस लागतोच. निफाडची थंडी प्रसिद्ध आहे. पारा फार घसरला की द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि पाणी सोडतात. आपण शहरात दुलई ओढून घेतो त्या घटकेला हे सगळे चाललेले असते.

गंमत अशी, की याच जिल्ह्यात एकलहऱ्याला औष्णिक वीज केंद्र आहे. सत्तरच्या दशकाच्या आरंभापासून तिथल्या धुराड्यांनी महाराष्ट्राला वीज दिली. दिव्याखाली अंधार ही म्हण इथे शब्दशः खरी ठरावी, याला काय म्हणायचे? २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने ग्रामीण भागात दिवसाचे दहा-बारा तास खाल्ले, तेव्हाची आठवण अजून ताजी आहे. ते भारनियमन पुढे ओसरले. रात्रीची पाळी मात्र राहिली. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती. दोहोंचा हेतू एकच, शेतीला दिवसा वीज. जिथे सूर्याची ही वीज पोचली तिथे रात्रीचे जागरण सुटले. जिथे पोचली नाही, तिथे माणूस अजूनही विजेरी घेऊन अंधारात उतरतो.

आणि त्या अंधारात तो एकटा नसतो. निफाड, सिन्नर, दिंडोरी या तालुक्यांत उसाच्या आडोशाने बिबट्या राहतो, तिथेच पिल्ले घालतो, ही आता बातमीसुद्धा राहिलेली नाही. रात्री एकट्याने जाऊ नका, हातात विजेरी ठेवा, मोबाइलवर गाणी लावून ठेवा, असे वनखात्याचे लोक सांगतात ते उगीच नव्हे. पण बिबट्यापेक्षाही मोठे भय पायाखालचे आहे. मण्यार रात्रीच हिंडतो. घोणसही अंधार पडल्यावर बाहेर पडते. फुरसे मातीच्या आणि पाचोळ्याच्या रंगात असे मिसळून जाते की भर दिवसासुद्धा चटकन दिसू नये. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज असा, की २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतली बहुतेक खेड्यांतली. यावरचा शहाणपणाचा सल्ला जुनाच आहे. पायांत बूट, हातात काठी आणि पुढे उजेड. आणि दंश झालाच तर मांत्रिकाकडे न जाता थेट प्रतिविष मिळणारा दवाखाना. या यादीत विजेरी तिसरी आहे, पण पहिल्या दोन गोष्टींचा उपयोगही तिच्यामुळेच होतो. पाय कुठे टाकायचा आणि काठी कुठे आपटायची, हे दिसल्याशिवाय कसे कळणार?

म्हणून विजेरी मिणमिणती असणे ही शेतकऱ्याच्या दृष्टीने नुसती गैरसोय नाही. बांधावर मध्येच मान टाकणारी विजेरी ही नसलेल्या विजेरीपेक्षा वाईट. कारण तिच्या भरवशावर माणूस घरापासून दूर आलेला असतो.

तारेचा दिवा आणि त्याची उधळपट्टी

विजेरीचा शोध काही फार जुना नाही. डेव्हिड मिसेल नावाच्या इंग्रज संशोधकाला १८९९ च्या जानेवारीत अमेरिकेत तिचे पेटंट मिळाले. नळीत एकामागे एक ठेवलेले सेल, पुढे बल्ब आणि मागे परावर्तक, ही रचना तेव्हाची; आणि आमच्या कपाटातल्या विजेरीतही तीच. सुरुवातीचे सेल इतके अशक्त होते की दिवा क्षणभर चमकवून लगेच विझवावा लागे. इंग्रजीतले फ्लॅशलाइट हे नाव त्यातूनच पडले. पुढे सेल सुधारले, टंगस्टनची तार आली. आपल्याकडे लखनौच्या एव्हरेडीच्या आणि अलाहाबादच्या जीपच्या विजेऱ्या घरोघर पोचल्या.

त्या विजेरीची खरी थोरवी तिच्या उजेडात नव्हती. तिचा प्रत्येक भाग सुटा होत असे, ही तिची थोरवी. पुढचे झाकण आट्यांवर फिरे. काच फुटली तर काच मिळे. परावर्तक काळा पडला तर परावर्तक मिळे. मागच्या झाकणात स्प्रिंगच्या आडोशाला एक जादा बल्ब ठेवण्याची सोयही काही विजेऱ्यांत असे. बनवणाऱ्याने गृहीतच धरले होते की बल्ब जाणार आहे आणि विजेरी राहणार आहे. हे गृहीतक फार मोलाचे आहे. त्याकडे पुन्हा वळायचेच आहे.

उजेडाच्या बाबतीत मात्र हा तारेचा दिवा कमालीचा उधळ्या. तीन सेलांच्या विजेरीत सामान्यतः ३.८ व्होल्ट आणि ०.३ अँपिअरचा बल्ब असे. म्हणजे तो एक वॅटहून थोडी अधिक वीज खाई. तार पांढरी होईपर्यंत तापवायची आणि त्या तापण्यातून जो थोडा उजेड निघेल तो घ्यायचा, ही त्याची रीत. खाल्लेल्या विजेचा फार थोडा भाग उजेड होई, बाकी सगळी उष्णता. सेल थोडे उतरले की तार तांबूस होई आणि उजेड आणखीच घटे. मग सेल काढून उन्हात ठेवण्याचा तो प्रसिद्ध घरगुती उपाय! त्यात तथ्य अगदीच नव्हते असे नाही. जस्ताच्या सेलाला विसावा मिळाला, थोडी ऊब मिळाली, की आतली रासायनिक क्रिया जरा सावरते आणि दिवा थोडा वेळ बरा पेटतो. पण संपत आलेले संपतेच. संपलेला सेल फोडून आतली कोळशाची कांडी काढायची आणि फरशीवर रेघोट्या मारायच्या, हा मग आमचा हक्क.

एलईडीची रीत अगदी वेगळी. तिथे तार नाही, तापवणे नाही. अर्धवाहक पदार्थाच्या दोन थरांच्या सांध्यातून वीज गेली की त्या सांध्यातूनच उजेड बाहेर पडतो. १९६२ साली अमेरिकेत निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसेल असा लाल प्रकाश देणारा डायोड तयार केला. तो तांबडा ठिपका पुढे रेडिओवर, कॅल्क्युलेटरवर, यंत्रांच्या खोक्यांवर आपण पाहिला. पण नुसत्या तांबड्या ठिपक्याने वाट दिसत नाही. पांढरा उजेड हवा तर निळा डायोड हवा. आणि तो साधायला आणखी तीस वर्षे गेली. इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते करून दाखवले आणि त्याबद्दल २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. निळ्या डायोडवर पिवळसर चमकणाऱ्या पदार्थाचा लेप दिला की दोन्ही मिळून पांढरा उजेड होतो. आज आपल्या छतावर, रस्त्यावर आणि मोटारीत जो पांढरा दिवा दिसतो तो हाच.

तेवढ्याच विजेत तारेच्या लहान बल्बापेक्षा एलईडी कितीतरी पट अधिक उजेड देते. चांगल्या बल्बाकडून निम्म्याहून कमी विजेत दुप्पट उजेड मिळण्याची अपेक्षा सहज ठेवता येते. त्यात जस्ताच्या सेलाचा स्वभाव असा, की त्याच्याकडून हळूहळू वीज घेतली तर तो एकूण अधिक देतो. ओरबाडून घेतली तर लवकर दमतो. त्यामुळे वीज निम्मी केली की सेल दुपटीहूनही अधिक टिकतो. शिवाय विजेरी हातातून पडली तर तुटायला आत तारच नाही. बांधावर चालणाऱ्या माणसाला याहून काय हवे?

बल्ब बदलण्याआधी

एवढे वाचून कुणी उद्याच दुकानात गेला आणि हाती लागेल तो एलईडी बल्ब जुन्या विजेरीत बसवला, तर निराशा होण्याचा संभव आहे. पुष्कळांची झालीही आहे, आणि मग ‘हे नवे काही खरे नाही’ असे म्हणून विजेरी पुन्हा कपाटात गेली आहे. म्हणून चार गोष्टी पाहून घ्याव्यात.

पहिली गोष्ट व्होल्टची. तारेचा बल्ब कमी व्होल्टवर मंद का होईना, पेटतो. पांढऱ्या एलईडीला मात्र साधारण तीन व्होल्ट लागतात. फार खाली गेले की ती जवळजवळ विझतेच. तीन सेलांच्या विजेरीत साडेचार व्होल्ट मिळतात, तिथे साधा एलईडी बल्बही बरा चालतो. दोन सेलांच्या विजेरीत नवे सेलसुद्धा जेमतेम तीन व्होल्ट देतात आणि थोडे वापरले की त्याहून कमी. अशा विजेरीसाठी व्होल्ट वाढवून देणारे इवलेसे सर्किट ज्याच्या पोटात आहे, असाच बल्ब घ्यावा लागतो. तो थोडा महाग पडतो, पण तिथे काटकसर केली तर पैसे पाण्यात. उलट कमी व्होल्टचा बल्ब चार-पाच सेलांच्या विजेरीत घातला तर तो जळून जाईल. तेव्हा दुकानदाराला ‘बॅटरीचा बल्ब द्या’ एवढेच न सांगता ‘दोन सेलांचा’ की ‘तीन सेलांचा’ ते सांगावे. आणि जुना बल्ब बरोबर न्यावा. कारण काहींना आटे असतात, तर काहींना आट्यांऐवजी पत्र्याची गोल कॉलर.

दुसरी गोष्ट दिशेची. तारेच्या बल्बाला वीज कोणत्या बाजूने आली याची फिकीर नव्हती. एलईडी एकाच दिशेने चालते. सेल उलटे बसले तर नवा बल्ब ढिम्म पेटणार नाही. बहुतेक विजेऱ्यांत सेलाचे टोपण पुढे, बल्बाकडे असते. पण सगळ्याच तशा नसतात. आधी बल्बाच्या पाकिटावरची सूचना वाचावी आणि मगच सेल घालावेत.

तिसरी गोष्ट झोताची. जुन्या विजेरीचा परावर्तक असा वळवलेला असतो की बल्बातली तार एका ठरावीक बिंदूवर आली म्हणजे झोत लांबवर जातो. तारेचा उजेड चहूकडे पसरतो, म्हणून तो परावर्तकावर पडतो. स्वस्त एलईडी बल्बातला ठिपका मात्र सगळा उजेड नाकासमोर फेकतो; परावर्तक बिचारा रिकामा बसून राहतो. पायापुढचे लख्ख दिसते, पण बांधाच्या पलीकडे काय आहे ते दिसत नाही. ज्या बल्बाचा उजेड बाजूंनाही पसरतो तो घ्यावा आणि विजेरीला पुढचे डोके फिरवून झोत जुळवण्याची सोय असेल तर तो भिंतीवर मारून जुळवावा. रंगाचेही तसेच. निळसर पांढरा उजेड डोळ्यांना प्रखर वाटतो, पण मातीचे आणि पाचोळ्याचे रंग तो फसवे दाखवतो. मिळत असेल तर किंचित पिवळसर घ्यावा. फुरशाच्या बाबतीत हा शौकाचा प्रश्न नाही.

चौथी गोष्ट सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत विसरली जाणारी, स्वच्छतेची. जस्ताच्या सेलात जस्ताचा डबा हाच सेलाचा एक खांब. वीज देता देता तो डबा झिजतो, त्याला भोके पडतात आणि आतला ओला मसाला बाहेर येतो. जुन्या सेलांच्या मसाल्यात नवसागर असे. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर टाकायचा तोच हा नवसागर. पितळाला तो खातो आणि हिरवा कीट चढवतो. या कीटातून वीज नीट जात नाही. मग बल्ब कितीही चांगला असो. लिंबाच्या फोडीने कीट काढावा, ओल्या फडक्याने पुसावे, पूर्ण वाळू द्यावे आणि जिथे जिथे धातूला धातू भिडतो तिथे बारीक पॉलिशपेपर फिरवावा. विजेरी बरेच दिवस लागणार नसेल तर सेल काढून ठेवावेत. नाशिकला तांब्या-पितळेची भांडी घासण्याचा धडा कुणी द्यावा असे नाही. तो धडा विजेरीलाही लागू आहे, एवढेच.

आमच्या विजेरीवर हे सारे एका रविवारी झाले. नवा बल्ब आणि तीन सेल घातले, आणि रात्री गच्चीवरून समोरच्या पिंपळावर बॅटरी मारली. शेंड्यावरच्या पानांच्या कडा दिसल्या. हीच विजेरी चार दिवसांपूर्वी काट्यावर चढणार होती.

स्वस्त आणि महाग

यावर कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? बाजारात चार्जिंगची विजेरी मिळते, सेलांचा खर्च नाही, उजेड डोळे दिपवणारा. हे म्हणणे खोटे नाही. कपाळाला बांधायचा दिवा तर पाणी भरणाऱ्याला खरोखरच सोयीचा. दोन्ही हात फावड्याला मोकळे राहतात. नव्या वस्तूंना नाक मुरडण्याचे कारण नाही. एलईडी ही नवीच वस्तू आहे आणि तिचेच तर इथे गुणगान चालले आहे.

तक्रार आहे ती ज्या पेटीत ही एलईडी बंद करून विकली जाते तिच्याबद्दल. स्वस्तातल्या चार्जिंगच्या विजेरीत शिशाची किंवा लिथियमची लहान बॅटरी असते. शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पावसाळाभर पडून राहिली की नासते. लिथियमचीही वये ठरलेली. ती बदलावी म्हटले तर पेटीला स्क्रू नाही, सगळे डकवलेले. आत वाकून पाहण्याची सोयच ठेवलेली नाही. पाच वर्षे सहज चालेल असा दिवा, आणि त्याच्याबरोबर वर्षात मरणारी बॅटरी. एक मेली की दोन्ही कचऱ्यात. मामेभावाच्या खिडकीतल्या चारही विजेऱ्यांचे दिवे कदाचित आजही धडधाकट असतील. नवा दिवा उत्तम आहे. त्याला घर मात्र जुन्या रीतीचे हवे, ज्याचे दार उघडते.

म्हणूनच बल्ब बदलण्याची ही गोष्ट आठवणींच्या हळवेपणाची नाही. जे बदलायला हवे ते बदलायचे आणि जे टिकते ते टिकवायचे, या विचाराची आहे. हा विचार आपल्याला नवा नव्हता. आपण भांड्यांना कल्हई करत होतो, छत्रीची काडी बदलत होतो, चपलेला अंगठा लावत होतो. अलीकडे सरकारलाही याची आठवण झाली आहे. ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पहिल्याच फेरीत शेतीची अवजारे विचारात घेतली. ट्रॅक्टर हे शेतीचे अवजार, यात वाद नाही. पण रात्री दोन वाजता बांधावर जाणाऱ्याच्या हातातली विजेरी हेही अवजारच आहे. सगळ्यांत लहान, सगळ्यांत स्वस्त, आणि वेळ आली तर जिवाशी गाठ असलेले. तिला स्क्रू असावा, तिची बॅटरी बदलता यावी, ही मागणी काही अवाजवी नाही.

दुसरी मागणी बल्बांची. दुकानात सुटे मिळणारे कित्येक एलईडी बल्ब कोणत्याही अक्षराविना विकले जातात. किती व्होल्टचा, किती सेलांचा, सर्किट आहे की नाही, टोक कोणते; काही लिहिलेले नाही. तारेच्या बल्बाच्या मानेवर व्होल्ट कोरलेले असत, हे विसरू नये. चार अक्षरे छापायला असा काय खर्च येतो? आपल्याकडे आयटीआय आहेत, तंत्रनिकेतने आहेत, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत अशी हजार कामे लीलया करणारे हात आहेत. एखाद्या बाजाराच्या दिवशी गोदाकाठी किंवा लासलगावला एक टेबल मांडून विद्यार्थ्यांनी जुन्या विजेऱ्या साफ करून दिल्या, योग्य बल्ब बसवून दिले, तर त्यांनाही विद्या वापरण्याचा आनंद मिळेल आणि कितीतरी पितळ मोडीतून वाचेल.

तिसरी मागणी संपलेल्या सेलांची. बॅटरीच्या कचऱ्याबाबतच्या २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण सेल संपला की तो आपण उकिरड्यावर नाहीतर थेट विहिरीच्या कडेला फेकतो, ही सवय नियमाने जात नाही. घंटागाडीत ओला आणि सुका कचरा वेगळा घालायला आपण शिकलो; सेलांसाठी एक छोटा डबा वाढवायला हरकत नसावी. एलईडीमुळे सेल कमी लागतील हे खरेच, पण लागतील तेवढ्यांची तरी नीट सोय व्हावी.

आणि शेवटची, सगळ्यांत मोठी मागणी विजेरीची नाहीच. शेतीला दिवसा वीज मिळाली तर मध्यरात्री बांधावर जाण्याचे कारणच उरणार नाही. चांगली विजेरी हे रात्रीच्या पाळीला उत्तर नव्हे. ती पाळी असेपर्यंत जीव सांभाळण्याचे साधन आहे. ‘आता तुमच्याकडे चांगली बॅटरी आहे, मग जा रात्री,’ असे कुणी म्हणू लागला तर त्या उजेडाचा अर्थच उलटा होईल.

पुढच्या वेळी निफाडला गेलो तेव्हा ती पितळी विजेरी बरोबर नेली आणि मामेभावाच्या हातात ठेवली. त्याने ती वजनाला पारखली, डोके उघडून पाहिले, बल्ब पाहिला, पुन्हा बंद केली. ‘‘जड आहे,’’ म्हणाला. मग जरा थांबून, ‘‘पण आपली आपल्याला उघडता येते.’’ त्या रात्री त्याची पाळी होती. दीडच्या सुमारास तो उठला, पायांत बूट घातले, कोपऱ्यातली काठी घेतली आणि निघाला. ओसरीतून पाहत होतो. बांधावरून एक उजेड स्थिर चालत गेला आणि मोटारीच्या खोपटापाशी थांबला. थोड्या वेळाने पाण्याचा आवाज आला. खिडकीतल्या त्या चार विजेऱ्या दुसऱ्या दिवशी आम्ही उघडून पाहायच्या ठरवल्या. एकीलाही स्क्रू सापडला नाही.